विहिरीचे पाणी, घराचा पाया आणि सल्फेट

शहराबाहेर ऐसपैस जागा असलेले घर घ्यावे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. पण अशा घरांना पुष्कळदा नळयोजनेचे पाणी नसते, स्वतःची बोअरवेल असते. अमेरिकेत खासगी विहिरीला 'ईपीए'चे पाण्याचे नियम लागू नाहीत, म्हणून तपासणी मालकानेच करून घ्यायची. मी पाणी-माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. सभासदांना माझे सांगणे एवढेच, की जंतू व नायट्रेट यांच्याबरोबर सल्फेटही मोजून घ्या.

जुलाबासाठी घेतात ते एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच. पाण्यात सल्फेट फार असेल, तर तसाच परिणाम होतो. रोज पिणाऱ्यांना हळूहळू सवय होते. त्रास होतो तो नव्याने आलेल्यांना, उदाहरणार्थ भारतातून आलेल्या आईवडिलांना. तान्ह्या बाळाच्या अंगातले पाणी तर जुलाबांनी झपाट्याने कमी होते. 'ईपीए'ची शिफारस लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंतची आहे. ती मुख्यतः चवीसाठी असून बंधनकारक नाही.

मोजण्याची रीत सोपी आहे. गाळलेल्या नमुन्यात आम्लयुक्त द्रावण व बेरियम क्लोराइड घालून ढवळले, की बेरियम सल्फेटचे पांढरे कण तयार होऊन पाणी गढूळ होते. ठराविक प्रमाणाच्या द्रावणांशी हा गढूळपणा उपकरणाने ताडून पाहतो. माती असेल तर ती वाळवून, चाळून, शुद्ध पाण्यात घुसळतो आणि गाळलेले पाणी तसेच तपासतो.

माती कशासाठी? तर पायासाठी. ओलाव्याबरोबर सल्फेट काँक्रीटमध्ये शिरले, की ते फुगते व तडकते. मातीत विद्राव्य सल्फेट ०.१० टक्क्यापासून पुढे असेल, तर अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचे नियम सल्फेटला टिकणारे सिमेंट वापरायला सांगतात, ०.२० टक्क्यापासून 'टाइप फाइव्ह'सारखे अधिक टिकाऊ. नवे घर बांधताना हा अहवाल आधीच मागावा. तपासणीचा खर्च पाया दुरुस्तीच्या मानाने किरकोळ असतो.

पाण्याचा नमुना सॉफ्टनर व फिल्टर यांच्या आधीच्या नळातून, स्वच्छ बाटलीत घ्यावा आणि थंड ठेवून लवकर पोचवावा. पाणी उकळून सल्फेट जात नाही, उलट वाफेमुळे प्रमाण वाढते. साधा कोळशाचा फिल्टर किंवा सॉफ्टनरही उपयोगी नाही. पिण्यापुरते रिव्हर्स ऑस्मॉसिसचे यंत्र बसवावे. घराचा करार पक्का होण्यापूर्वी अहवाल हातात असला, तर त्या यंत्राचा खर्च किमतीच्या बोलणीत धरता येतो.