पाण्याखालचे गाव आणि कागदावरची नोंद

नागार्जुनकोंडा हे नाव आपल्या संस्थेच्या बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. आंध्र प्रदेशातील कृष्णाकाठच्या या खोऱ्यात इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकात इक्ष्वाकू राजांची राजधानी विजयपुरी होती. तेथील स्तूप-विहारांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु विहार उभे राहण्याच्या कित्येक हजार वर्षे आधीही तेथे माणूस राहत होता. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच्याविषयी लिहीत आहोत.

नागार्जुनसागर धरणामुळे हे सारे खोरे बुडणार, हे दिसू लागताच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९५४ साली डॉ. आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू केले. ते १९६० पर्यंत चालले. अश्मयुगीन हत्यारांपासून मध्ययुगीन अवशेषांपर्यंत सर्व काही सापडले. त्यात नवाश्मयुगीन वस्तीही होती. हे लोक जमिनीत खड्डा खणून त्यावर खांबांच्या आधाराने छप्पर घालीत. दगडी कुऱ्हाडी घासून गुळगुळीत करीत, मडकी हाताने घडवीत.

लाकडी खांब तर केव्हाच कुजून जातो. मग तो होता हे कसे कळते? खांबाच्या जागी नंतर भरलेली माती सभोवतालच्या मातीहून रंगाने वेगळी व मऊ असते. हलक्या हाताने खरवडले की तिचे गोल डाग दिसतात. अशा डागांची रांग म्हणजेच घर!

येथेच खरी अडचण होती. स्तूप-विहारांपैकी काही तेथून हलवून टेकडीवर आणि काठावरील अनुपू येथे पुन्हा उभारण्यात आले. ती टेकडी आज बेट झाली आहे. पण मातीतला खड्डा उचलून नेणार कसा? १९६७ साली धरण पूर्ण झाले. खड्ड्यांची ती घरे आता नकाशांत, छायाचित्रांत आणि टिपणांतच उरली आहेत.

म्हणूनच नोंद महत्त्वाची. आम्ही बँकेत नोकरी करतो. दिवसाचा हिशेब त्याच संध्याकाळी जुळवल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नाही. नागार्जुनकोंड्याच्या या उत्खननाच्या अहवालाचा पहिला, प्रागैतिहासिक काळाविषयीचा खंड १९७५ साली आला, तर ऐतिहासिक काळाचा खंड २००६ साली, म्हणजे काम संपल्यावर ४६ वर्षांनी! उशीर झाला खरा. पण खणतानाच टिपणे ठेवली होती म्हणून तो निघू तरी शकला.

विद्यार्थी मित्रांनो, विहिरीसाठी वा घराच्या पायासाठी खणताना जुनी खापरे, घासलेले दगड किंवा हाडे निघाली, तर ती धुऊन कपाटात मांडू नका. आहेत तेथेच राहू द्या, जागा लिहून ठेवा आणि तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. वस्तू जागेवरून हलली की तिची निम्मी साक्ष पुसली जाते. ज्यांनी आपले नाव कोठेही कोरून ठेवले नाही, त्यांच्याविषयी सांगणारा दुसरा साक्षीदार आपल्याजवळ नाही.