पोकरच्या टेबलावरील न्याय

पोकर हा पैशांचा डाव. तो खेळावा की खेळू नये, हा आजचा विषय नव्हे. त्याची तरफदारी करावयास आम्ही उभे नाही. पण ज्याला नियमच ठाऊक नाही त्याला नियम कसा लावावा, हा प्रश्न कारखान्यात पडतो तसाच लास व्हेगासच्या पत्त्यांच्या दालनांतही पडतो, आणि तेथे त्याचा विचार बराच काटेकोरपणे झालेला आहे.

समजा, समोरच्याने 200 ची पैज लावली. नवखा माणूस काही न बोलता 500 ची एकच चिप पुढे सरकवितो. त्याच्या मनात पैज वाढवावयाची असते. नियम म्हणतो, तोंडाने उच्चार नाही, तर ही केवळ 200 ची बरोबरी. उरलेले 300 परत. दुसरा प्रकार असा : आधी बरोबरीपुरत्या चिप्स ठेवावयाच्या आणि मग हात मागे नेऊन आणखी आणावयाच्या. तेही वाढविणे धरीत नाहीत. कारण पहिल्या चिप्स पडताच समोरच्याचा चेहरा वाचून पुढची रक्कम ठरविण्याची लबाडी त्यात साधते.

मेख येथेच आहे. नवख्याच्या मनात लबाडी नसते, मुरलेल्याच्या असू शकते. मग दोघांना एकच माप? आमचे म्हणणे असे की, चिप्सचा हिशेब दोघांचा एकच असावा. तो माणसागणिक बदलला तर नियमावर विसंबून बसलेल्या तिसऱ्याचे पैसे बुडतात. शिक्षा मात्र एक नसावी. नवख्याला समजावून सांगावे व डाव पुढे चालवावा. जाणूनबुजून करणाऱ्याला ताकीद, मग एखादा डाव वा एक फेरी बाहेर, आणि शेवटी स्पर्धेतूनच रजा. 2001 साली निघालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमावलीत अशा शिक्षा आहेत. तिचा पहिलाच नियम सांगतो की, असाधारण प्रसंगी न्यायासाठी तांत्रिक नियम मागे सारावा.

ही मुभा मोलाची, तशीच धोक्याचीही. ती कोणासाठी वापरली जाईल? रोखीच्या खेळात दालन डावागणिक आपला हिस्सा कापून घेते. रोज येणारा खेळाडू म्हणजे त्याचे बांधलेले उत्पन्न. अमेरिकेत पत्ते वाटणाऱ्या डीलरची कमाई पुष्कळशी बक्षिशीवर, आणि ती देणार डाव जिंकणारा. ज्याच्या हातून चूल पेटते त्याला टोकणे किती जड जाते, हे आमच्या लोकांना सांगावयास नको. म्हणून तंट्याचा निकाल डीलरने न देता खेळ थांबवून देखरेखीच्या अधिकाऱ्याला बोलवावे, ही रीत आम्हांस योग्य वाटते.

पण बोलवावयाचे, हेच नवख्याला ठाऊक नसते. पुढचा डाव सुरू झाला की मागच्या डावाबद्दलची तक्रार संपली. आपले पत्ते आपण राखले नाहीत आणि डीलरने चुकून टाकलेल्यांत ओढले, तर दादही नाही. असले कडक नियम माणूस हरल्यानंतर त्याला ऐकविणे हा कोठला न्याय? आपल्याकडे 1946 च्या स्थायी आदेश कायद्याने कारखान्याचे नियम बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वारापाशी लावण्याचे बंधन घातले होते. पोकरच्या टेबलाशी नवा माणूस बसताच डीलरने एवढे जरी सांगितले, की रक्कम आधी बोला, पाळी येईपर्यंत थांबा, पत्त्यांवर एक चिप ठेवा आणि शंका आली तर डाव संपण्याआधी हात वर करा, तरी पुष्कळ तंटे उद्भवणारच नाहीत. आणि हे डीलरनेच सांगावे; शेजारच्या जुन्या खेळाडूने चारचौघांत खेकसून नव्हे.