एमएस की डीएनबी?

नीट-पीजीचा निकाल लागला, की एमबीबीएस झालेली मुलं असलेल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. समजा, लातूरकडच्या एखाद्या मुलीला जनरल सर्जरीत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे. गुणांच्या हिशेबात तिला दोन जागा मिळू शकतात. एक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातली एमएसची, दुसरी पुण्यातल्या एखाद्या मोठ्या खासगी रुग्णालयातली डीएनबीची. पसंतीक्रम भरताना आधी कुठली लिहायची? चर्चा रंगते आणि काका विचारतात, "अगं, पण डीएनबी म्हणजे डिप्लोमाच ना?"

गैरसमज नावामुळे झाला आहे. डीएनबी म्हणजे 'डिप्लोमेट ऑफ नॅशनल बोर्ड'. पूर्वी एमबीबीएसनंतर बालरोग किंवा स्त्रीरोगासाठी दोन वर्षांचे डिप्लोमा असत. त्यांच्याशी याचा संबंध नाही. एमबीबीएसनंतरची डीएनबी एमडी-एमएससारखीच तीन वर्षांची. प्रवेशपरीक्षा तीच, प्रबंधही दोन्हीकडे लिहावा लागतो. पुढे अतिविशेष शाखेकडे जाण्यासाठीची नीट-एसएस परीक्षाही दोन्ही पदव्यांवर देता येते.

फरक पदवी देणाऱ्याचा आहे. एमडी-एमएस ही विद्यापीठाची पदवी. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांसाठी ते विद्यापीठ म्हणजे नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. डीएनबी मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची. हे मंडळ 1975 मध्ये सुरू झालं आणि 1982 पासून स्वायत्त संस्था म्हणून काम करू लागलं. देशभरातल्या विशेषज्ञांना एकाच मापाने मोजणारी परीक्षा असावी, हा त्यामागचा हेतू. वैद्यकीय महाविद्यालयाबाहेरच्या मोठ्या रुग्णालयांतला अनुभवही त्यामुळे शिक्षणाच्या कामी आला.

परीक्षेची रीतही वेगळी. एमएसच्या परीक्षकांत स्वतःच्या महाविद्यालयातले आणि बाहेरचे, असे दोन्ही असतात. डीएनबीत लेखी परीक्षा देशभर एकच. ती उत्तीर्ण झाल्यावरच प्रात्यक्षिकाला बसता येतं आणि तेही सहसा दुसऱ्या रुग्णालयात, अनोळखी रुग्ण आणि अनोळखी परीक्षकांपुढे. म्हणूनच डीएनबीची परीक्षा कडक असा तिचा लौकिक आहे.

पण लातूरच्या त्या मुलीसाठी खरा प्रश्न परीक्षेचा नाही. तीन वर्षांत तिच्या हातांना काय काम मिळणार, हा आहे.

सर्जरी पायरीपायरीने शिकली जाते. आधी बघायचं, मग मदतनीस म्हणून उभं राहायचं, मग वरिष्ठ शेजारी असताना स्वतः करायचं आणि शेवटी एकट्याने. सरकारी रुग्णालयात रुग्णांची रीघ असते. अपघात, भाजलेले रुग्ण, आतडं फुटून उशिरा आलेला शेतमजूर. रात्रीच्या ड्युटीला निवासी डॉक्टरलाच पुढे व्हावं लागतं, त्यामुळे हात लवकर बसतो. पण गर्दीत शिकवायला कुणाला सवड नसली, तर चूकही तितकीच लवकर अंगवळणी पडते.

खासगी रुग्णालयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया, सुसज्ज अतिदक्षता विभाग, प्रत्येक गोष्टीची ठरलेली कार्यपद्धती. विद्यार्थी थोडे, त्यामुळे अनुभवी सर्जनच्या थेट हाताखाली शिकता येतं. मात्र पैसे भरून आलेला रुग्ण त्या सर्जनच्या नावावर आलेला असतो. शस्त्रक्रिया तेच करणार, अशी त्याची अपेक्षा असते आणि ती चुकीची नाही. मग पहिल्या दोन पायऱ्यांवरच तीन वर्षं सरण्याचा धोका राहतो. सर्वसाधारण वॉर्ड मोठा असलेल्या रुग्णालयात तो कमी होतो.

म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी त्या ठिकाणी एकदा जाऊन यावं. विभागप्रमुखांना भेटावंच, पण तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांशी चहाच्या टपरीवर बोलावं. त्यांनी अपेंडिक्स आणि हर्निया स्वतः किती केले? रात्री अडचण आली तर वरिष्ठ येतात की फोनवरच सांगतात? प्रबंधाचे मार्गदर्शक वेळ देतात का? मागच्या तुकड्यांतले किती जण पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाले? विद्यावेतन वेळेवर होतं का? मध्येच जागा सोडून कुणी गेलं असेल, तर ते का गेलं, हेही विचारावं.

पुढचा बेतही मांडून ठेवावा. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयातून शिकल्यावर बंधपत्रानुसार एक वर्ष सेवा द्यावी लागते. घरच्या कर्जाचे हप्ते आणि लग्नाचा विचार त्याच्याशी जुळवून पाहावा लागतो. प्राध्यापक व्हायचं असेल, तर डीएनबीधारकांच्या अध्यापन-पात्रतेचे नियम वेळोवेळी बदलले आहेत. ते राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या ताज्या अधिसूचनेतच वाचावेत, ऐकीव माहितीवर जाऊ नये. आणि क्रम भरताना एक लक्षात ठेवावं: वरची जागा मिळाली, की त्या फेरीत खालच्या जागांचा विचारच होत नाही. म्हणून खरोखर हवी ती जागाच वर लिहावी.

रुग्णांसाठीही यात एक गोष्ट आहे. पाटीवर एमएसऐवजी डीएनबी दिसलं, म्हणून डॉक्टर कमी शिकलेले ठरत नाहीत. शंका वाटली तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे त्यांच्या पदव्युत्तर पदवीची नोंद आहे का, ते पाहावं. आणि शस्त्रक्रिया ठरवताना, "डॉक्टर, हे ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का?" असं विचारायला संकोच करू नये. लातूरची ती मुलगी सहा-सात वर्षांनी आपल्या गावी दवाखाना टाकेल, तेव्हा तिलाही हा प्रश्न कुणीतरी विचारेल. त्याचं उत्तर तिला या तीन वर्षांतच कमवायचं आहे.