दिव्यांग मुलांचे शिक्षण : राज्याच्या व्यवस्थेची तपासणी कशी करावी?



बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षे शाखांच्या तपासणीत गेली. तिथे एक गोष्ट पक्की शिकलो. परिपत्रक निघाले म्हणजे काम झाले, असे नसते. कागद काय सांगतो आणि काउंटरवर काय घडते, हे दोन्ही पाहावे लागते.

हे आठवायचे कारण म्हणजे माझ्या भाचीची आठ वर्षांची मुलगी. तिला शिकायला वेळ लागतो. इथे इंदूरमध्ये एका शाळेने "आमच्याकडे तशी सोय नाही" म्हणून प्रवेश नाकारला. दुसऱ्या शाळेने नाव घातले, पण पोर वर्षभर शेवटच्या बाकावर बसून राहिली. तेव्हापासून मी या विषयाचे कागद वाचतो आहे. आपल्या मध्य प्रदेशाची किंवा कोणत्याही राज्याची व्यवस्था तपासायची तर माझ्या मते पुढचे पाच प्रश्न विचारावेत.

1. प्रवेश मिळतो का?
दिव्यांगजन हक्क कायदा 2016 चा असून तो एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वे धरली आहेत. कलम 16 प्रमाणे सरकारी अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची. कलम 31 प्रमाणे ठराविक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे "सोय नाही" हे कारण चालत नाही. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा.

2. मुले मोजली जातात का?
याच कायद्यात दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करून दिव्यांग मुले शोधायला सांगितले आहे. यादीच चुकली तर शिक्षकांची पदे आणि पैसा, दोन्हींचा हिशोब चुकतो. व्हीलचेअर दिसते, पण मंदगती, स्वमग्नता, वाचन-लेखनातली अडचण दिसत नाही. अशी मुले "आळशी" म्हणून सुटून जातात.

आपल्या घरांसाठी एक सूचना. चाचणी हिंदीत होते आणि मूल घरी मराठी बोलते. आमच्या मुलीला 'चम्मच' कळले नाही, 'चमचा' लगेच कळला. तपासणाऱ्याला घरची भाषा आधी सांगा.

3. शिक्षक आहेत का?
सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 रोजी रजनीशकुमार पांडे प्रकरणात प्रमाण ठरवून दिले : प्राथमिक स्तरावर 10 विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक व माध्यमिक स्तरावर 15 मागे एक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला पुन्हा राज्यांना पदे मंजूर करून जाहीर करायला सांगावे लागले. यावरून मधल्या सुमारे साडेतीन वर्षांत काय झाले ते ओळखावे. तपासताना मंजूर पदे, भरलेली पदे आणि त्यांपैकी कायम किती, हे तीन आकडे वेगवेगळे मागावेत. फिरता शिक्षक असेल तर तो महिन्यातून किती दिवस येतो, हेही विचारावे.

4. पैसा मुलापर्यंत पोचतो का?
समग्र शिक्षा योजनेत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे आणि मुलींना महिना 200 रुपये, दहा महिने, विद्यावेतन आहे. रक्कम थोडी आहे, पण श्रवणयंत्र सत्र संपताना मिळाले तर त्या मुलाचे वर्ष वाया गेले. म्हणून खर्च किती झाला यासोबत तो कोणत्या महिन्यात झाला, हे पाहावे.

5. मूल शिकले का?
हजेरीपट भरला म्हणजे शिक्षण झाले नाही. प्रत्येक मुलासाठी वर्षाच्या सुरुवातीला लेखी योजना हवी : आज काय येते, मार्चपर्यंत काय यावे, कोण शिकवणार. दर तिमाहीला पालकांसमोर ती उघडावी. परीक्षेत लेखनिक आणि तासामागे किमान 20 मिनिटे जादा वेळ मिळतो, हेही अनेक पालकांना ठाऊक नसते.

एक गोष्ट बँकवाला म्हणून सांगतो. मूल 18 वर्षांचे झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. ते प्रमाणपत्र बँका खात्यासाठी स्वीकारतात. ऐनवेळी धावपळ करणारे आईबाप मी काउंटरवर पाहिले आहेत. अर्ज वेळेत करा.

आमची मुलगी आता तिसऱ्या शाळेत आहे. तिथे एक विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा येतात. परवा तिने आपले नाव स्वतः लिहिले. दोन दिवसांत एवढे होते, तर रोज शिक्षिका आली तर किती होईल?

आपल्या सभासदांपैकी कोणाच्या घरी असे मूल असेल तर संकोच करू नका, मंडळात या. अर्ज लिहायला, माहितीच्या अधिकारात आकडे मागायला मी आणि आमचे निवृत्त मित्र बसू. एकट्या पालकाचा अर्ज फायलीत पडून राहतो, दहा पालकांच्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.