डॉर्चेस्टर : टेम्सकांठचें एक जुनें खेडें

परदेशचा प्रवासी इंग्लंडांत उतरला म्हणजे आधीं लंडन पाहतो, मग ऑक्सफर्ड पाहतो, आणि या दोहोंमधला मुलूख आगगाडीच्या खिडकींतून न्याहाळून परत फिरतो. परंतु इंग्रज लोकांचा इतिहास जितका राजवाड्यांत आणि विद्यापीठांत सांठला आहे, तितकाच तो त्यांच्या नदीकांठच्या खेड्यांतून पसरलेला आहे. एखादें असें खेडें स्वस्थपणें, पायीं हिंडून पाहिलें, तर दोन हजार वर्षांचा इतिहास एका दिवसांत डोळ्यांपुढून जातो. ऑक्सफर्डच्या आग्नेयीला सुमारें नऊ मैलांवर वसलेलें डॉर्चेस्टर हें अशांपैकीं एक होय. दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्यांत याच नांवाचें एक मोठें शहर आहे. त्याच्याशीं घोटाळा होऊं नये म्हणून या खेड्याला 'डॉर्चेस्टर-ऑन-टेम्स' म्हणतात. आगगाडी येथें येत नाहीं. डिडकॉट स्टेशनावर उतरून अगर ऑक्सफर्डहून मोटारबसनें येथें यावें लागतें.

नांवांत टेम्स असली तरी गांवाला बिलगून वाहते ती टेम्स नव्हे. ईशान्येकडून टेम नांवाची लहान नदी येते, गांवाच्या पूर्वेला व दक्षिणेला वळसा घालते आणि थोड्याच अंतरावर टेम्सला मिळते. या संगमाच्या वरच्या बाजूला थोरल्या नदीला 'आयसिस' असें दुसरें नांव आहे, आणि ऑक्सफर्डमध्यें तें अजून प्रचारांत आहे. टेम आणि आयसिस यांचा विवाह होऊन 'टेमेसिस', म्हणजेच टेम्स, जन्मली, अशी गोड कल्पना जुन्या ग्रंथकारांनीं केली होती. ती खरी नाहीं. टेमेसिस हें नांव ज्यूलियस सीझरच्याहि लिखाणांत आढळतें. तेव्हां मूळ नांव तेंच, आणि आयसिस हा त्याचाच मागाहून तोडलेला तुकडा असावा, असें पंडितांचें मत आहे.

या संगमानेंच डॉर्चेस्टरचें नशीब ठरविलें. दोन नद्यांच्या बेचक्यांतली जमीन तीन बाजूंनीं पाण्यानें वेढलेली. उरलेली चौथी बाजू अडविली कीं किल्ला तयार! रोमन लोक ब्रिटनमध्यें येण्यापूर्वींच्या लोहयुगांतल्या लोकांनीं नेमकें हेंच केलें. त्यांनीं मातीचे दोन उंच बांध व त्यांच्यामध्यें खोल खंदक असा तट एका नदीपासून दुसरीपर्यंत घातला आणि शंभराहून अधिक एकर जमीन आंत घेतली. हा तट आज 'डाइक हिल्स' या नांवानें ओळखला जातो.

पुढें रोमन आले. सिल्चेस्टरहून उत्तरेकडे अल्चेस्टरला जाणाऱ्या त्यांच्या सडकेवर येथें एक लहानसें नगर उभें राहिलें व त्याला तटबंदी झाली. या नगराचा बराच भाग हल्लींच्या घरांखालीं आणि परसबागांखालीं गाडला गेला आहे. गांवांतले लोक ज्या जमिनींत बटाटे व वाटाणे लावतात, तिच्याच खालीं रोमन रस्ते आहेत. १९६२ सालीं प्रोफेसर शेपर्ड फ्रिअर यांनीं तेथें उत्खनन केलें, आणि पुढेंहि तें काम वेळोवेळीं चाललें. रोमन सुभेदाराच्या एका अधिकाऱ्यानें ज्युपिटर देवतेला अर्पण केलेली कोरीव लेखाची शिला येथें १७३१ सालीं सांपडली होती. ती पुढें हरवली, आणि आतां तिचा मजकूर तेवढा नकलांवरून ठाऊक आहे.

डॉर्चेस्टरचें नांव इंग्लंडच्या इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें तें मात्र इ.स. ६३५ मध्यें. बिरायनस नांवाचा बिशप रोमहून धर्मप्रसारासाठीं आला होता. त्यानें वेसेक्सचा राजा सायनेगिल्स याला येथें बाप्तिस्मा दिला, व नॉर्थंब्रियाचा बलाढ्य राजा ऑस्वल्ड त्याचा धर्मपिता म्हणून शेजारीं उभा राहिला. पुढें दोन्ही राजांनीं हें नगर बिरायनसला धर्मपीठासाठीं दिलें, असें बीड या साधु-इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. त्यानंतर धर्मपीठ येथून गेलें व पुनः आलें. अकराव्या शतकांत तर येथल्या बिशपची सत्ता टेम्सपासून हंबर नदीपर्यंत पसरली होती. परंतु नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर रेमिजियस या बिशपनें आपली गादी १०७२ च्या सुमारास दूर लिंकनला नेली. त्या दिवसापासून डॉर्चेस्टर हें नगर न राहतां हळूहळू खेडें झालें.

तरीहि बाराव्या शतकांत येथें ऑगस्टिनियन पंथाचा मठ उभा राहिला, आणि त्याचें भव्य देवालय अजून गांवाच्या मध्यभागीं उभें आहे. तें कसें वांचलें, ही कथा ऐकण्यासारखी आहे. आठव्या हेन्रीनें १५३६ सालीं मठ बंद केला. अशा मठांचीं छपरें उतरवून शिसें वितळवावें, दगड विकावे, आणि पैसा राजाच्या खजिन्यांत भरावा, असा त्या वेळचा परिपाठ होता. इंग्लंडभर जे उघडे पडलेले खांब व कमानी दिसतात, त्या याच परिपाठाच्या खुणा होत. डॉर्चेस्टरचा रिचर्ड बोफॉरेस्ट हा सधन रहिवासी पुढें झाला आणि त्यानें तें देवालय १४० पौंडांना विकत घेतलें. १५५४ च्या आपल्या मृत्युपत्रांत त्यानें तें गांवाला देऊन टाकलें. यांत ना लढाई, ना चमत्कार; एका गृहस्थानें आपल्या गांठचे पैसे मोजले, एवढेंच. परंतु ते मोजले नसते, तर येथें आज गवतांत चार दगड दिसले असते.

आंत पाहण्यासारख्या तीन वस्तू तरी चुकवूं नयेत. पहिली, सुमारें ११७० सालचें शिशाचें बाप्तिस्मापात्र. त्याच्याभोवतीं कमानींखालीं बसलेल्या धर्मदूतांच्या आकृति आहेत. छपरांचें शिसें जेथें वितळविलें गेलें, तेथें शिशाचें हें पात्र टिकावें, हेंच नवल. दुसरी वस्तु म्हणजे उत्तरेकडील चौदाव्या शतकांतली खिडकी. ख्रिस्ताचा पूर्वज जेसी हा खालीं निजलेला असून त्याच्या देहांतून वंशवृक्ष वर उगवला आहे, हें चित्र युरोपांत अनेक ठिकाणीं केवळ रंगीत कांचेंत दिसतें. येथें मात्र खिडकीचे दगडी दांडेच झाडाच्या फांद्या झाले आहेत, व त्यांवर पूर्वजांच्या मूर्ति कोरल्या आहेत. तिसरी, तेराव्या शतकांतल्या एका सरदाराच्या थडग्यावरील मूर्ति. इतर सरदारांच्या मूर्ति हात जोडून निजलेल्या असतात. हा मात्र मरणांतहि तलवार उपसूं पाहतो आहे. दगडाच्या घड्यांत एवढी चपळाई क्वचितच आढळते.

देवालयासमोरचा रुंद रस्ता हा पूर्वीं ऑक्सफर्डहून हेन्लीमार्गे लंडनला जाणारा हमरस्ता होता. घोड्यांच्या टपालगाड्या येथें थांबत. लाकडी चौकटींची जुनी खाणावळ 'जॉर्ज' हिनें तो काळ पाहिला आहे. टेम नदीवरचा दगडी पूल १८१५ च्या सुमारास पुरा झाला. पुढें मोटारींची गर्दी वाढली, तेव्हां अवजड वाहनांच्या हादऱ्यांनीं ही जुनी वस्ती खिळखिळी होऊं लागली. अखेर १९८२ सालीं गांवाबाहेरून नवा रस्ता निघाला आणि मुख्य रस्त्यावर पुनः पायीं चालण्याइतकी शांतता आली.

गांव पाहून झाल्यावर खरी मौज आहे ती भोवतालच्या शिवारांत. दुसऱ्याच्या शेतांतून जाण्याची प्रवाशाला येथें भीति नसते. इंग्लंडांत शेकडों वर्षें तुडविल्या गेलेल्या पायवाटांवर लोकांचा कायदेशीर हक्क आहे, आणि १९४९ च्या कायद्यानें या वाटांची नकाशांवर अधिकृत नोंद करण्याचें काम परगण्यांच्या कौन्सिलांकडे सोंपविलें. फाटक उघडावें तें मागें लावून घ्यावें, कुत्रा दोरीनें धरावा, पिकांत पाय घालूं नये, एवढें पथ्य पाळलें म्हणजे झालें. हिवाळ्यांत मात्र नदीकांठचीं कुरणें पाण्याखालीं जातात. म्हणून एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतचे दिवस बरे.

दक्षिणेकडील पायवाटेनें पावलें प्रथम डाइक हिल्सपाशीं येतात. येथें थोडें थांबावें. १८७० सालीं ही जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यानें नांगराखालीं थोडी जास्त जमीन यावी म्हणून हे बांध सपाट करावयास आरंभ केला होता. कर्नल लेन फॉक्स हा पुराणवस्तूंचा अभ्यासक तेथें गेला, तेव्हां काम चालू होतें. त्यानें लंडनच्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीपुढें या नाशाविरुद्ध आवाज उठविला. परंतु आपल्या जमिनींतली माती हलवूं नये असें मालकाला सांगणारा कायदाच तेव्हां नव्हता. या व अशा उदाहरणांमुळें सर जॉन लबक यांच्या प्रयत्नांना बळ मिळालें, आणि १८८२ सालीं प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला कायदा ब्रिटनमध्यें झाला. त्याखालीं नेमलेला पहिला निरीक्षक म्हणजे हाच लेन फॉक्स. तोंपर्यंत वारसाहक्कानें त्याचें नांव पिट-रिव्हर्स झालें होतें.

तो कायदा दुबळाच होता. मालकाची इच्छा असेल तरच तो चाले. हिंदुस्थानांत लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं प्राचीन स्मारकांचा कायदा झाला, हें पुष्कळांना ठाऊक आहे. तेच कर्झन स्वदेशीं परतल्यावर टॅटर्शलच्या किल्ल्याच्या रक्षणासाठीं धांवले आणि १९१३ च्या अधिक कडक इंग्रजी कायद्यामागें उभे राहिले. डाइक हिल्सचा कांहीं भाग नांगरानें नेला. बराचसा राहिला, आणि खंदकांत उतरलें म्हणजे दोन्ही बाजूंचे बांध अजून माणसाच्या डोक्यावर जातात.

पुढें टेम्सवरील डेज लॉकपाशीं पूल ओलांडून लिटल विटनम गांवांतून वर चढलें कीं 'विटनम क्लम्प्स' या दोन टेकड्या लागतात. त्यांच्या माथ्यांवर अठराव्या शतकांत लावलेल्या बीचवृक्षांचे झुपके आहेत. पॉल नॅश या चित्रकारानें १९१२ च्या सुमारास त्या प्रथम रंगविल्या, आणि १९४६ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या त्याच्या कुंचल्याला सोडीनात. यांतल्या एका टेकडीवरच्या बीचच्या सालीवर वॉरबरो गांवच्या जोसेफ टब यानें १८४४-४५ च्या सुमारास आपली कविता कोरली होती. झाड वाढलें तशीं अक्षरें फांकलीं, झाड मेलें, आणि २०१२ सालीं तें कोसळलें. परंतु ती कविता कोणीं तरी आधींच उतरून घेतली होती. ती आतां जवळच्या एका शिळेवर वाचतां येते.

टेकडीवरून खालीं पाहतांच नद्यांचा वांक, डाइक हिल्सचे बांध आणि देवालयाचें लांब छप्पर एका दृष्टिक्षेपांत येतें. गांवाच्या उत्तरेकडचें एक दृश्य मात्र आतां कधींच दिसणार नाहीं. तेथल्या शेतांखालीं पांच हजार वर्षांपूर्वींचें एक प्रचंड पवित्र स्थळ होतें : सुमारें मैलभर धांवणारे दोन समांतर चर, आणि 'बिग रिंग्ज' नांवाचें दुहेरी वर्तुळ. जमिनीवरून तें कोणाला उमगलें नव्हतें. बुजलेल्या चरांतली माती ओल धरून ठेवते; म्हणून कोरड्या उन्हाळ्यांत त्यांवरचें पीक अधिक उंच व हिरवें राहतें, आणि आकाशांतून पाहणाऱ्याला शेतांत रेघा दिसतात. मेजर जॉर्ज ॲलन यांनीं १९३० नंतरच्या दशकांत आपल्या विमानांतून अशा रेघांचीं छायाचित्रें घेतलीं. तीं ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयांत आहेत. परंतु त्या शेतांखालीं वाळूमिश्रित खडी होती, आणि रस्त्यांना व इमारतींना खडी हवी होती. १९४६ पासून रिचर्ड ॲटकिन्सन व त्यांचे सहकारी खडी काढणाऱ्या यंत्रांच्या पुढें पुढें खोदीत गेले. जें हातीं लागलें त्याची त्यांनीं नोंद केली. स्थळ मात्र गेलें, आणि खडीच्या खाणींच्या जागीं आतां तळीं आहेत.

हें गांव जुनें राहिलें याचें श्रेय काळाच्या दयेला नाहीं. देवालयापाशीं बोफॉरेस्टचे पैसे आले, बांधांपाशीं लेन फॉक्सचा शब्द आला, कवितेपाशीं कोणाची तरी लेखणी आली. म्हणून त्या वस्तु राहिल्या. शिलालेख हरवला, आणि बिग रिंग्ज खडीबरोबर गेलीं. टेकडी उतरून प्रवासी परत गांवांत येतो, तेव्हां देवालयाशेजारच्या जुन्या अतिथिशाळेंत गांवकऱ्यांनीं मांडलेलें छोटें संग्रहालय आहे, तेंहि त्यानें पाहावें. आधीं शिवार पाहून मग तेथें गेलें म्हणजे कपाटांतल्या खापऱ्या कोणत्या शेतांतून आल्या, हें त्याचें त्यालाच कळूं लागतें.