वीसपैकी सात: मुलांचा पेपर घरच्यांनी कसा वाचायचा?

आजचा एपिसोड थोडा वेगळा आहे. कोडिंग नाही, नोकरी नाही, पगार नाही. आज आपण बोलणार आहोत शाळेच्या चाचण्यांबद्दल. तुम्ही म्हणाल, आमचं अजून लग्न नाही, आम्हाला काय करायचंय? थांबा जरा. घरात भाचा आहे, पुतणी आहे, धाकटी बहीण आहे, शेजारच्या काकूंचा मुलगा आहे. आणि घरात शिकलेलं म्हणून प्रत्येक वेळी फोन तुम्हालाच येतो. मलाही आला.

माझी ताई कराडजवळ राहते. घरी शिवणकाम करते, दाजींचा टेम्पो आहे. भाचा पाचवीत. एका रविवारी सकाळी ताईनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. गणिताची घटक चाचणी, वीसपैकी सात. खाली व्हॉइस नोट: "अरे, हा तुझ्यासारखा इंजिनियर व्हायचा म्हणतोय. बघ काय दिवे लावलेत. काय करायचं सांग आता ह्याचं."

मी काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. गणिताच्या व्हिडिओंच्या लिंक पाठवल्या आणि एका शिकवणीच्या ॲपचे वर्षाचे पैसे भरून टाकले. मोकळा झालो. पंधरा दिवसांनी विचारलं तर ॲप दोनदा उघडलं होतं. आणि त्याच फोनवर भाचा मला हळूच म्हणाला, "मामा, अजून एक पेपर आलाय. त्यावर आईची सही मीच केली. आईला नको सांगू ना."

मंडळी, त्या वाक्यानं मी हललो. सात मार्कांचं काही नाही हो. पण दहा वर्षांचं पोर पेपर लपवायला लागलं, म्हणजे त्याला नेमकं काय येत नाही हे कळण्याचा रस्ताच बंद झाला. तेव्हा कुठं मी नीट डोकं लावलं. त्यातून जे हाताला लागलं, ते आज सांगतो.

आधी हे कळू द्या: चाचणी कशासाठी आहे?

शाळेत दोन प्रकारच्या परीक्षा असतात. एक असते शोधायला, दुसरी असते ठरवायला.

शोधायची म्हणजे पायाभूत चाचणी. आपल्याकडे सरकारी आणि अनुदानित शाळांत २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. त्यातली पहिली पायाभूत. ती असते मागच्या इयत्तेत शिकलेल्यावर. मूल कुठं अडलंय हे शिक्षकांना कळावं, एवढाच तिचा हेतू. तिच्यात कमी मार्क पडले म्हणून घरात रडारड करणं म्हणजे थर्मामीटरवर चिडण्यासारखं आहे.

ठरवायची परीक्षा वेगळी. २०१९ साली शिक्षण हक्क कायद्यात बदल झाला आणि पाचवी, आठवीला परीक्षा घ्यायची मोकळीक राज्यांना मिळाली. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये आपले नियम बदलले. आता पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. नाही मिळाले तर पुन्हा परीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. मात्र शाळेतून काढून टाकता येत नाही. हे ताईला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, घटक चाचणीत नापास म्हणजे वर्ष गेलं!

माझ्या कामातलं उदाहरण देतो. आम्ही सॉफ्टवेअर लिहितो तेव्हा दिवसभर टेस्ट चालवतो. टेस्ट लाल झाली की कुणी रडत नाही. उलट बरं वाटतं, कारण चूक आपल्याच लॅपटॉपवर सापडली. ग्राहकाकडे सापडली असती तर रात्रभर बसावं लागलं असतं. घटक चाचणीतली चूक म्हणजे ऑगस्टमध्ये सापडलेली चूक. एप्रिलच्या आत दुरुस्त करायला हातात महिने आहेत.

मार्क नाही, चुका वाचा

मग मी ताईकडून पेपरच्या सगळ्या पानांचे फोटो मागवले. गेलेले तेरा मार्क वेगवेगळे मांडले. तीनच ढीग झाले. सहा मार्क हातच्याच्या वजाबाकीत गेलेले. चार शाब्दिक उदाहरणांत, कारण प्रश्न अर्धाच वाचलेला. आणि तीन मार्क अक्षरी संख्या अंकात लिहिण्यात.

ताई म्हणत होती, "ह्याला काहीच येत नाही." खरं म्हणजे तीन गोष्टी येत नव्हत्या.

वजाबाकीचं बघा. गणित होतं ५०३ वजा १६७. भाच्याचं उत्तर ४६४. पहिल्या नजरेला वाटतं, पोरानं काहीतरी ठोकून दिलंय. पण नीट बघा. सात आणि तीन, फरक चार. सहा आणि शून्य, फरक सहा. पाच आणि एक, फरक चार. म्हणजे प्रत्येक घरात तो मोठ्यातून लहान वजा करत होता, वर कुठला आणि खाली कुठला हे न बघता. वर्गातली सगळी हातच्याची गणितं त्यानं अशीच केली होती. नियम ठाम होता, फक्त चुकीचा होता!

ही चूक जगभरची मुलं करतात. अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ साली यावर शोधनिबंध लिहिला. मुलांच्या वजाबाकीतल्या पुष्कळ चुका निष्काळजीपणाच्या नसून प्रोग्राममधल्या बगसारख्या असतात, म्हणजे ठरावीक पद्धतीनं पुन्हा पुन्हा होतात, असं त्यांनी दाखवलं. मी वाचलं आणि हसूच आलं. रोज बग शोधून पोट भरतो, आणि भाच्याच्या पेपरात मला तो दिसला नव्हता.

बग सापडला की दुरुस्ती सोपी. ताईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली. एक बटण म्हणजे एक रुपया. कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, काहींवर १०, काहींवर १००. भाच्यासमोर पाच शंभराच्या चिठ्ठ्या आणि तीन बटणं. व्हिडिओ कॉलवर मी म्हणालो, "मला १६७ दे." त्यानं तीन बटणं दिली आणि अडकला. "मामा, सुट्टे नाहीत!" हेच तर पाहिजे होतं. एक शंभर मोडून दहाच्या दहा चिठ्ठ्या, त्यातली एक मोडून दहा बटणं. आता चार शंभर, नऊ दहा, तेरा बटणं. त्यातून १६७ दिले आणि उरले ३३६. हातचा म्हणजे सुट्टे करणं, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं. फळ्यावर ते फक्त खोडाखोड दिसत होतं.

संख्यांची गोष्ट मराठीतली खास. एकोणसाठ ऐकलं की मुलं साठ ऐकतात आणि लिहितात ६९. एकोणऐंशीचे होतात ८९. आठवतंय, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर दोन', 'ऐंशी तीन' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला? त्या वादाच्या मुळाशी हीच अडचण होती. घरी उपाय साधा: रोज भाजीचा हिशेब, बसचं तिकीट, गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे मोठ्यानं वाचायचे. आणि एकोण म्हणजे 'एक कमी', हे एकदा सांगून टाकायचं.

पुस्तक मिटवा आणि सांगा

"वाच, वाच, परत वाच." आपण सगळे हे ऐकतच मोठे झालो. पण नुसतं पुन्हा वाचून फसवं समाधान मिळतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका गटानं उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्यानंतर चित्र उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून बघणाऱ्यांना ५६ टक्के.

याचा घरातला अर्थ असा. धडा वाचून झाला की पुस्तक मिटवायचं आणि म्हणायचं, "आता मला सांग बघू." आठवायला जो ताण पडतो ना, तोच पक्कं करतो. आज विचारलेलं परवा पुन्हा विचारा, मग आठवड्यानं. एका रविवारी तीन तास बसवण्यापेक्षा रोजची पंधरा-वीस मिनिटं बरी.

आणि इथं एक मोठी गोष्ट आहे. यासाठी आईवडिलांना स्वतःला सगळं यायलाच हवं असं नाही. ताई दहावीपर्यंत शिकली, ती म्हणायची, "मला ह्यांचं गणित कळत नाही." मी म्हटलं, कळू नकोच. तू मशीनवर बस आणि त्याला सांग, मला शिकव. आजीला धडा सांगायला लाव. आजीनं "मग पुढं काय झालं रे?" एवढं विचारलं तरी ती चाचणीच झाली.

वाचता येतंय ना, हे तपासा

शाब्दिक उदाहरणांतले चार मार्क गणिताचे नव्हतेच, वाचनाचे होते. 'प्रथम' संस्था 'असर' नावाचं सर्वेक्षण करते, तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. त्यातली वाचनाची तपासणी चार पायऱ्यांची असते: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. हे घरी पाच मिनिटांत करता येतं. दुसरीचं मराठीचं पुस्तक काढा आणि एक पान वाचायला द्या. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ ऑनलाइन फुकट मिळतात. मूल अडखळलं तर पाचवीचं गणित बाजूला ठेवून आधी रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचून घ्या. रागवू नका, पाया भरा.

कधी कधी अडचण अभ्यासाची नसतेच. फळा दिसत नसेल तर आधी डोळे तपासा. अक्षरं सतत उलटसुलट होत असतील आणि मेहनत करूनही वाचन जमत नसेल तर शिक्षकांशी आणि डॉक्टरांशी बोला. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य केलेली आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळासारख्या सवलती मिळतात. 'आळशी' हा शिक्का मारण्याआधी एवढं करा.

'हुशार' म्हणू नका

आता जरा माझी लाज काढतो. शाळेत मी घरचा 'हुशार' होतो. पाहुणे आले की माझी मार्कशीट बाहेर. बीटेकच्या पहिल्या सेमिस्टरला गणितात गचकलो. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. कारण हुशार पोराला नापास कसं होता येईल? मित्रांना प्रश्न विचारले तर कळेल मला येत नाही, म्हणून विचारलंही नाही. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा कसाबसा सुटलो. सहीची गोष्ट ऐकून मी हललो तो म्हणूनच. भाचा माझंच करत होता, फक्त आठ वर्षं आधी.

म्यूलर आणि ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास यावरच आहे. पाचवीच्याच मुलांना कोडी दिली. काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. मग अवघड कोडी देऊन सगळ्यांना हरवलं. हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, त्यांचं काम बिघडलं. आणि मार्क लिहून कळवायला सांगितल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली.

म्हणून कौतुक कामाचं करा. "शाबास, हे तू दोनदा खोडून बरोबर केलंस." आणि पेपर हातात आला की पहिला प्रश्न "किती पडले?" नको. "कुठं अडलं?" हा विचारा.

परीक्षेच्या आदल्या रात्रीचं एका वाक्यात: नवीन काही शिकवू नका, कंपास भरा आणि वेळेवर झोपवा.

मग पुढं काय झालं?

सहीचं मी ताईला सांगितलं नाही. भाच्याला म्हटलं, तूच सांग, मी फोनवर थांबतो. त्यानं सांगितलं. ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "सही तरी नीट करायची, माझी अशी असते व्हय?" तिघंही हसलो. मग ती रडली.

पुढच्या चाचणीत वीसपैकी बारा मिळाले. चमत्कार नाही, अजून भागाकारात गडबड आहेच. पण यावेळी पेपरचा फोटो ताईनं नाही, भाच्यानं स्वतः पाठवला. चुकलेल्या दोन गणितांभोवती पेन्सिलनं गोल काढून. खाली लिहिलं होतं, "मामा, इथं बग आहे."

तर मंडळी, आज संध्याकाळी घरातल्या कुणाचा तरी पेपर मागून घ्या. मार्क झाका, चुका वाचा, तीन ढीग करा. काय सापडलं ते मला नक्की कळवा. एपिसोड आवडला असेल तर आपापल्या ताई-दादांना पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!