पळसपापडी खरंच जंत पाडते का?

काल रामदासपेठेत आमच्या बिल्डिंगखाली शेजारच्या काकूंनी पुडी उघडली. आत चपट्या, तांबूस बिया. "गावाहून आल्यात. नातवाला जंतांवर देऊ का?"

ती पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी. एका शेंगेत एकच.

मी गुरांचा डॉक्टर, त्यामुळे हा विषय माझ्या फार आवडीचा. आयुर्वेदात पळसबी आणि वावडिंग ही जंतांवरची जुनी औषधं. पळसबीत पॅलासोनिन, वावडिंगात एम्बेलिन हे द्रव्य सापडतं.

फार्मसीच्या प्रयोगशाळेत अशा औषधाच्या अर्कात गांडुळं सोडतात. ती कधी लुळी पडतात, कधी मरतात, हे घड्याळ लावून लिहितात. तुलनेला अल्बेंडाझोल हे जंतांवरचं नेहमीचं औषध. गांडूळ सहज मिळतं, पण ते मातीतलं, पोटातलं नव्हे. त्यामुळे ही फक्त पहिली पायरी.

खरी परीक्षा शेळीच्या लेंडीत! लेंडी मिठाच्या दाट पाण्यात घोटून गाळली की जंतांची अंडी वर तरंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजायची. औषध दिल्यावर १०-१४ दिवसांनी पुन्हा मोजायची. सोबत औषध न दिलेल्या शेळ्याही हव्यातच, नाहीतर आकडा फसवतो.

काकूंना सांगितलं, बाळाला हे देऊ नका. बीतलं द्रव्य झाडागणिक कमीजास्त होतं, मात्रा कशी ठरवणार? १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंतांची गोळी अंगणवाडीत, शाळेत मोफत मिळते. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारीला असतो.

तुमच्या गावी जंतांवर कोणता पाला, कोणतं बी देतात? कमेंटमध्ये लिहा, शंकाही विचारा.